वय ४०, वजन जास्त, जिना चढताना दम लागतो. आता कराटे सुरू करता येईल का?

येईल. पण आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि गुडघे तपासून घ्या. जिन्यावर दम लागतो हेही त्यांना सांगा. फिटनेस कमावून मगच क्लासला जाईन, असं मात्र ठरवू नका. ते ‘मग’ सहसा येत नाही.

क्लास निवडताना शैली विचारा. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू यांपैकी काहीही चालेल. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण ताकदीने मार बसतो, त्यामुळे सुरुवात तिथून नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठ्यांची वेगळी बॅच आहे का ते बघा. आपल्याकडे बऱ्याच क्लासांत सगळी शाळकरी मुलंच असतात आणि सेन्सेईंना, म्हणजे शिकवणाऱ्या सरांना, चाळिशीतल्या गुडघ्यांची सवय नसते.

सुरुवातीचे महिने किहोन आणि काता यांतच जातात, म्हणजे ठोसे, लाथा, अडवणं आणि ठरलेल्या क्रमाच्या हालचाली. कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढत, नंतर. खरा त्रास होतो तो पायांना. झेनकुत्सु-दाची या पवित्र्यात पुढचा गुडघा वाकवून उभं राहायचं असतं. तो आत कलू देऊ नका, पायाच्या बोटांच्या दिशेतच ठेवा. सुरुवातीला फार खाली बसू नका. लाथ कमरेएवढी गेली तरी पुष्कळ, डोक्यापर्यंतची हौस राहू द्या.

आठवड्यातून दोनदा जा, मध्ये एखाद दिवस विश्रांती. मांड्या दुखणारच, सांध्यात कळ आली तर मात्र थांबा आणि सरांना सांगा. पांढरा गी, म्हणजे कराटेचा पोशाख, लगेच घेऊ नका, पहिला महिना ट्रॅक पँटवर चालतो का विचारा. आणि हो, पायाची नखं कापून जा.