सफरचंदं तोडायला पहिल्यांदाच जाताय ना?

न्यूयॉर्कजवळच्या हडसन व्हॅलीत जाणार असाल तर सप्टेंबरच्या मध्यात जा, शक्यतो शनिवारी बाग उघडताच. ऑक्टोबरात कोलंबस डेच्या सुट्टीला पार्किंगमध्येच तास जातो आणि मुलं कंटाळतात. निघण्यापूर्वी बागेच्या वेबसाइटवर कुठली जात तयार आहे ते बघा. मॅकिंटॉश लवकर येतं, फुजी ऑक्टोबरात. मुलांना हनीक्रिस्प आवडेलच. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठाने आणलेली ही जात खरंच कुरकुरीत आणि रसाळ आहे.

फळ ओढू नका. तळव्यात धरून वर उचला आणि हलकेच पिरगळा, देठासकट हातात येतं. ओढलं की फांदी मोडते, पुढच्या वर्षीची कळीही जाते. मुलांना हे आधी शिकवा, मग त्यांच्या हाती पिशवी द्या. लाली बघून फसू नका. लालीखालचा हिरवा रंग पिवळसर झाला की फळ पिकलं.

पिशवी छोटीच घ्या. ‘पेक’ मापाची पिशवी म्हणजे साधारण साडेचार किलो, चौघांना भरपूर. पहिल्या वर्षी आम्ही हाफ बुशेल, म्हणजे त्याच्या दुप्पट, घेतली आणि महिनाभर मुरंबाच करत बसलो! घरी फळं फ्रिजमध्ये ठेवा, पण पालक-कोथिंबिरीपासून लांब, नाहीतर भाजी पिवळी पडते.

भोपळाही घेणार असाल तर तो देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की तो लवकर सडतो. कोरायचे मोठे भोपळे पाणचट असतात. भरीत किंवा घारग्यांसाठी छोटा शुगर पम्पकिनच घ्या.

आणि हो, मुलांना बूट घाला. शेतात चिखल असतो.