शिवी तोंडात बसली आहे, काय करू?

प्रश्न : रविवारी चर्चमध्ये मिस्सेत (उपासनेत) गायनवृंदात गातो आणि सोमवारी स्टेशनकडे जाताना कोणी रिक्षा आडवी घातली की आई-बहिणीवरून शिवी जाते. सोडायचं ठरवतो, दोन दिवस टिकतं. हे पाप धरावं का? सवय मोडावी कशी?
– एक वाचक, वसई

उत्तर : बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (३:९-१०) नेमकं हेच दुखणं मांडलंय : ज्या जिभेने देवाची स्तुती, तिनेच देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे घडलेल्या माणसाला शिव्याशाप. म्हणजे रिक्षावाला कोण आहे, हा मुद्दा आधी. शब्द किती घाण, हा नंतर.

पापाचं म्हणाल, तर कॅथलिक शिकवणुकीत गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात : बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती. सवयीमुळे दोष कमी होऊ शकतो, असं कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद १७३५) सांगतो. प्रयत्नच सोडून दिलात, तर मात्र या सवलतीवर विसंबू नका.

‘आजपासून एकही नाही’ हा संकल्प मोडतो, कारण शिवी विचाराच्या आधी बाहेर पडते. पहिला आठवडा नुसतं टिपा : वेळ, जागा, समोर कोण, उशीर झाला होता का, पोट रिकामं होतं का. बहुधा दोन-तीनच प्रसंग पुन्हा पुन्हा निघतील. त्यातला एक धरा. स्टेशनचा रस्ता असेल, तर दहा मिनिटं आधी निघा. निम्मी चीड उशिराचीच असते. गाडी सुरू करताना ‘माझ्या मुखावर पहारा ठेव’ ही स्तोत्र १४१ मधली विनवणी म्हणा. ब्रेक दाबताना श्वास सावकाश, पूर्ण सोडा. छातीत हवा नसताना ओरडता येत नाही. तरी निसटलीच, तर मागे बसलेल्याला लगेच ‘चुकलं’ म्हणा. धर्मगुरूंपुढच्या पापनिवेदनापर्यंत उधारी नको. हा रस्ता जमला की पुढचा प्रसंग.

‘आयला’, ‘च्यायला’वर भागवू नका, त्या कापलेल्या शिव्याच आहेत. आणखी एक फसगत होते : शिव्या जातात, तुच्छता राहते. मत्तय ५:२२ मध्ये येशू ‘मूर्ख’ म्हणण्याबद्दलच बजावतो. कामवाल्या मावशींना ‘अक्कल नाही’ म्हणणं किंवा जातीवरून मारलेला सोज्वळ टोमणा आम्ही रस्त्यावरच्या शिवीहून वाईट धरू. इफिसकरांस पत्रातलं वचन (४:२९) वाईट बोलू नका, एवढ्यावर थांबत नाही. ऐकणाऱ्याचं भलं होईल ते बोला, असंही सांगतं. रिक्षावाल्याला हात करून आधी जाऊ द्या, तिथून सुरुवात होते.

प्रश्न : ‘ओ माय गॉड’, ‘जीझस!’ म्हटलं तर चालतं का?

उत्तर : देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही दहा आज्ञांपैकी बहुतेक प्रॉटेस्टंट गणनेत तिसरी आणि कॅथलिक गणनेत दुसरी आज्ञा. १२७४ च्या ल्योंच्या धर्मपरिषदेने तर येशूचं नाव उच्चारताना मस्तक लववायला सांगितलं होतं. अपघात पाहून ‘प्रभू, सांभाळ’ निघालं, तर ती प्रार्थनाच. मोबाइलचं चार्जिंग संपलं म्हणून मात्र त्याला हाक नको. ‘अरे बापरे’ पुरतं.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून शिव्या शिकून आलाय.

उत्तर : पाहुण्यांसमोर हसू नका, मारूही नका, दोन्हींनी शब्दाचा भाव वाढतो. एकट्याला बसवून ही शिवी कोणाच्या आईबद्दल आहे ते सरळ सांगा. आणि क्रिकेटचा सामना बघताना घरातले मोठे काय बोलतात, तेही ऐका.