लोकार्पण समारंभाशिवाय स्मारक खुलं केलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय, की तुमच्या चौकातलं नवं स्मारक पावसाळ्यापासून ताडपत्रीखाली उभं आहे, मंत्र्यांची तारीख मिळत नाही म्हणून पालिका ते उघडत नाही. तर समारंभ न करता खुलं केलं तर कायद्याने काय अडतं, आणि सगळीकडे हे असंच चालतं का?

कायद्याने काहीही अडत नाही. मी एका नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. फीत कापल्याशिवाय पूल वापरू नये किंवा पडदा ओढल्याशिवाय पुतळ्याकडे बघू नये, असा नियम मला नोकरीभरात कोणी दाखवला नाही. लागतं ते वेगळंच. कामाचा पूर्णत्वाचा दाखला, पूल असेल तर भारचाचणी आणि वाहतूक पोलिसांची अधिसूचना, मेट्रो असेल तर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र. पुतळ्याच्या बाबतीत आपल्या राज्यात नियम जास्त कडक आहेत. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, प्रशासनाची परवानगी लागते, आणि रहदारीला अडथळा होईल अशा जागी पुतळा उभा करायला २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे. ही कागदपत्रं फायलीत असतील तर ताडपत्री आमच्या शिपायाने काढली तरी चालते.

मग अडतं कशावर? वास्तू कोणाची, हे समारंभाच्या दिवशी व्यासपीठावर ठरतं, आणि ती संधी कोणी सोडत नाही. हे आजच्याच पुढाऱ्यांचं आहे असं समजू नका.

गेटवे ऑफ इंडियाचं बघा. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान. पण ते उतरले तेव्हा कमान नव्हतीच, तात्पुरता देखावा उभा केला होता. पायाचा दगड गव्हर्नरने ३१ मार्च १९१३ रोजी बसवला. जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर व्हायला १९१४ चा ऑगस्ट उजाडला. म्हणजे दगड आधी, आराखडा मागून! आमच्या खात्यात असं झालं की लोक हसायचे, तेव्हा मी हे उदाहरण द्यायचो. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या हस्ते ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्घाटन झालं, तोवर राजाच्या भेटीला तेरा वर्षं होऊन गेली होती. कमानीपर्यंत सरळ येणारा भव्य रस्ता करायचा बेत होता, पण पैसे संपले. म्हणून आजही कमान एकीकडे आणि रस्ता तिरका दुसरीकडे. कमानीवर कोरलेल्या ओळीत राजाराणीचं आगमन आहे, विटेटचं नाव नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, याच कमानीखालून बोटीवर चढली. आणि २६ जानेवारी १९६१ रोजी कमानीसमोर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं. राज्य स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. १९२४ चा सोहळा साम्राज्याचा होता, १९६१ चा महाराष्ट्राचा. जागा तीच, दगडही तेच.

पुण्यात गोष्ट याहून गुंतागुंतीची झाली. शिवाजी महाराजांच्या स्मारकासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सोबत होते, आणि १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पायाभरणी झाली ती इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते. त्याच युवराजाच्या दौऱ्यावर काँग्रेसचा बहिष्कार होता, दोनच दिवसांपूर्वी तो मुंबईत उतरला तेव्हा शहरात दंगल पेटली होती. स्वराज्याच्या संस्थापकाच्या स्मारकाचा दगड परक्या राजाच्या मुलाने बसवायचा, हे तेव्हाही अनेकांना रुचलं नाही. पण शाहू महाराजांची बाजू मला समजते. महाराजांचं नाव साम्राज्याच्या दरबारात मानाने घेतलं जावं, आणि त्या नावावर एकट्या पुण्यातल्या पुढाऱ्यांचा हक्क राहू नये, असा त्यामागे हिशेब असावा. पुतळा उभा राहिला १९२८ मध्ये. शिल्पकार अलिबागजवळच्या सासवणे गावचे नानासाहेब करमरकर, अनावरण गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. तोवर शाहू महाराज आणि माधवराव शिंदे दोघेही गेले होते. आज त्या पुतळ्यासमोर उभा राहणारा माणूस करमरकरांचा घोडा बघतो. विल्सन कोण, हे कोणी विचारत नाही.

एखाद्या अनावरणाने राजकारणाची दिशा बदलते, असंही घडलं आहे. जागा शहरातली नाही, पण ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, मुंबईवरून दिल्लीवर राग होता. समितीने वाईजवळ पसरणी घाटात काळे झेंडे घेऊन हजारो माणसं उभी केली. अनावरण झालं, यशवंतरावांनी पाहुण्यांचा मान राखला, पण घाटातली गर्दी नेहरूंनी डोळ्यांनी बघितली. अडीच वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला. तो त्या एका दिवसामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण त्या समारंभात खरं भाषण घाटात झालं, गडावर नाही.

उलट कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले, आणि बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्या चौकाला आजही जो मान आहे, तो कुठल्या व्हीआयपीमुळे आलेला नाही.

आता तारखेचं. मंत्र्यांना वेळ नाही हे अर्धंच खरं असतं. वेळ असतो, पण योग्य वेळ यायची असते. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते आणि मंत्र्यांना पायाभरणी-उद्घाटनं बंद होतात, म्हणून घोषणेआधीच्या आठवड्यांत नारळ वाढवायची झुंबड उडते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या पहिल्या भागाचं उद्घाटन ११ मार्च २०२४ रोजी झालं आणि लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झालं, मुंबई पालिकेचं मतदान पुढच्या फेब्रुवारीत होतं. समुद्रात त्या जागी अजून स्मारक नाही. तुकड्यातुकड्यांनी लोकार्पण ही दुसरी सोय. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२, मग भरवीर, मग इगतपुरी, मग जून २०२५ मध्ये आमणे, असे चार सोहळे झाले. यात प्रवाशांचा फायदाही आहे हे मान्य करतो. तयार झालेला भाग अडवून ठेवण्यापेक्षा हे बरं.

घाईचं टोक मालवणात दिसलं. राजकोट किल्ल्यावरचा सुमारे ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला पंतप्रधानांच्या हस्ते उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पंतप्रधानांनी माफी मागितली ती पालघरला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या व्यासपीठावरून. समारंभाची तारीख आधी पक्की होते आणि काम तिच्यामागे धावतं, तेव्हा साइटवरच्या अभियंत्याला 'अजून नको' म्हणायची सोय उरत नाही. हे मी मालवणबद्दल म्हणत नाही, तिथे मी नव्हतो. माझ्या खात्यात जे बघितलं त्यावरून म्हणतो.

आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात काँक्रीटपेक्षा कोनशिलेची चिंता जास्त असायची. 'शुभहस्ते' एकच नाव, 'अध्यक्षस्थानी' एकच, मग खाली 'प्रमुख उपस्थिती', 'विशेष उपस्थिती', 'सन्माननीय उपस्थिती' अशा पायऱ्या. खासदार कितव्या ओळीत, विधान परिषदेचे आमदार कुठे, हे राजशिष्टाचार शाखेला विचारून ठरायचं आणि ठरल्यावर रात्री कोणाचा तरी फोन यायचाच. म्हणून कोरणाऱ्या कारागिराला अखेरपर्यंत थांबवून ठेवायचं. शिल्पकाराचं नाव राहिलं तर कोणाचाही फोन येत नसे.

सगळीकडे असंच का, याचं उत्तर सिडनीत आहे. १९ मार्च १९३२ रोजी हार्बर ब्रिजची फीत राज्य सरकारचे प्रमुख, मजूर पक्षाचे जॅक लँग कापणार होते. फ्रान्सिस डी ग्रूट नावाचा माणूस गणवेश घालून घोड्यावरून मिरवणुकीत घुसला आणि त्याने तलवारीने फीत आधीच कापून टाकली, कारण हा मान राजाच्या प्रतिनिधीचा आहे असं त्याच्या संघटनेचं म्हणणं. त्याला पकडलं, पाच पौंड दंड झाला. फीत पुन्हा बांधली आणि लँग यांनी पुन्हा कापली! पूल तोच, रहदारी तीच, पण कापलेली फीत परत जोडून कापावी लागली.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये लोअर परळच्या डिलाईल रोड पुलाचा भाग आदित्य ठाकरे आणि सहकाऱ्यांनी परस्पर खुला केला, तेव्हा पालिकेच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला. म्हणून स्वतः ताडपत्री ओढायच्या भानगडीत पडू नका. परवानगीशिवाय केलेलं 'अनावरण' पोलीस ठाण्यात संपतं आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

त्यापेक्षा एक गोष्ट करा, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ठेकेदाराच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे त्या मुदतीत तडा गेला, गळालं, रंग उडाला तर दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची. ही मुदत साधारणपणे काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात, लोकार्पणापासून नाही. तुमचं स्मारक ताडपत्रीखाली उभं आहे, तितके महिने ठेकेदाराची हमी फुकट जळतेय, आणि ताडपत्रीखाली काय बिघडलंय हे कोणी बघतही नाही. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: पूर्णत्वाचा दाखला आणि त्याची तारीख, दोषदायित्वाची मुदत कधी संपते, आणि आजवर झालेल्या तपासण्यांचे अहवाल. अर्ज पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते कागद घेऊन प्रभागाच्या नगरसेवकाकडे आणि स्थानिक वार्ताहराकडे जा. तारीख अचानक मिळते, हा माझा अनुभव आहे. आणि मधेच निवडणूक लागली तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा, कारण आचारसंहितेची आडकाठी मंत्र्यांच्या समारंभाला असते. तयार झालेली वास्तू अधिकाऱ्याने गाजावाजा न करता लोकांना खुली करून देण्याला नसते.