छतावरचे ऊन, पाण्यातला हायड्रोजन : वाचकांचे प्रश्न

सौरऊर्जेबद्दलच्या पत्रांत या वेळी हायड्रोजनबद्दल विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बरेच प्रश्न सारखेच असल्याने ते एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गच्चीवर 3 किलोवॅटचे सोलर आहे. दुपारची बरीच वीज महावितरणकडे जाते. त्याऐवजी त्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढून स्वयंपाकाला वापरला, तर सिलिंडर बंद करता येईल का? – एक गृहिणी, मनीषनगर

हिशोब मांडून पाहू. नागपुरात 1 किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने रोज 4 युनिटच्या आसपास वीज देते, म्हणजे तुमच्याकडे रोज साधारण 12 युनिट. कारखान्यातल्या चांगल्या इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्राला) एक किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट लागतात. 12 युनिटमध्ये 230 ग्रॅम मिळेल. तो जाळला की पावणेआठ युनिटइतकी उष्णता निघते, आणि शेगडीवर त्यातली निम्म्याहून थोडी जास्त भांड्याला लागते. म्हणजे हाती येतात चार-साडेचार युनिट. तीच 12 युनिट इंडक्शन शेगडीला दिली, तर भांड्यात दहाच्या आसपास पोहोचतात.

सिलिंडरच्या भाषेत सांगायचे, तर 14.2 किलोच्या गॅसमध्ये साधारण 180 युनिट उष्णता असते. तेवढी मिळवायला 5.4 किलो हायड्रोजन लागेल आणि तो काढायला 280 युनिट वीज, म्हणजे तुमच्या छताची 23 दिवसांची सगळी कमाई. इंडक्शनवर तेवढाच स्वयंपाक 130 युनिटच्या आत होतो.

आता साठवणीचे बघा. 230 ग्रॅम हायड्रोजन साध्या दाबाला सुमारे 2,800 लिटर जागा व्यापतो. रोज एवढा वायू घराजवळ ठेवणे हेच धोक्याचे. तुमच्या गॅसच्या शेगडीवर तो चालणारही नाही. हायड्रोजनची ज्योत एलपीजीपेक्षा कितीतरी वेगाने सरकते, त्यामुळे ती बर्नरच्या छिद्रांतून उलटी आत शिरते. दिवसाउजेडी ती जवळजवळ दिसत नाही. गळती झाली तर वासही येत नाही, कारण एलपीजीत मुद्दाम मिसळलेला वास इथे नसतो. हवेत एलपीजी साधारण 2 ते 9 टक्के असेल तेव्हा पेट घेतो, हायड्रोजन मात्र 4 ते 75 टक्क्यांपर्यंत कुठेही. पेटायला बटणातली बारीक ठिणगीही पुरते.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. वीज थेट वापरा आणि उरलेली नेट मीटरिंगने (ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या सोयीने) ग्रीडमध्ये जाऊ द्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत तेवढा कोळसा कमी जळतो. हायड्रोजनची खरी गरज खत कारखाने, तेलशुद्धीकरण आणि पोलाद उद्योगाला आहे, कारण तिथे नुसती वीज देऊन काम भागत नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमध्ये 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे उद्दिष्ट आहे, तेही मुख्यतः या उद्योगांसाठीच.

प्रश्न : एवढा हायड्रोजन काढायचा तर पिण्याच्या पाण्यावर ताण येणार नाही का? – एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ

एक किलो हायड्रोजनमागे रासायनिक हिशोबाने 9 लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि थंड ठेवायला लागणारे धरले की आकडा 20 लिटरच्या पुढे जातो. देशभराच्या हिशोबात हे पाणी फार नाही, पण प्रकल्प एकाच ठिकाणी उभा राहतो आणि पाणीही तिथलेच घेतो. त्यामुळे विदर्भात असा प्रकल्प येत असेल, तर पाणी कुठल्या धरणाचे आणि सांडपाणी शुद्ध करून वापरणार का, हे विचारलेच पाहिजे.

प्रश्न : पाण्यावर गाडी चालवणाऱ्या किटचे व्हिडिओ रोज येतात. बॅटरीवर पाण्याचा वायू करणारा ‘ड्राय सेल’ लावायचा, त्याचा गॅस इंजिनात सोडायचा. गडकरी साहेबही हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले होते. मग हे खोटे कसे? – टॅक्सीचालक, सक्करदरा

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मार्च 2022 मध्ये गडकरी ज्या टोयोटा मिराईमधून गेले, तिच्या टाक्यांत 700 बार दाबाने बाहेरून हायड्रोजन भरावा लागतो. फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते आणि पाणी मागच्या नळीतून बाहेर पडते. पाणी हे तिथे इंधन नाहीच.

किटचा हिशोब असा : 6 सेल आणि 10 अँपिअर धरले, तर तासाला सव्वादोन ग्रॅम हायड्रोजन निघतो. त्याची उष्णता फक्त 75 वॅट. त्यासाठी अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरणाऱ्या वीजजनित्राकडून) 140 वॅट वीज जाते. ती तयार करायला इंजिनाला 240 वॅटच्या आसपास जोर लावावा लागतो आणि त्यासाठी जवळजवळ 1,000 वॅटचे पेट्रोल जळते. हजार खर्चून पंचाहत्तर हाती, असा हा सौदा. वर, या किटमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमक्या स्फोटाच्या प्रमाणात एकत्र बाहेर पडतात. इंजिनाने एकदा ‘बॅक मारला’ की ज्योत नळीतून बोनेटखालच्या डब्यापर्यंत येते. हे किट लावू नका.

प्रश्न : मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी सोलर पॅनलने पाण्याचे विघटन दाखवायचे आहे. स्टीलच्या पट्ट्या लावून, मीठ टाकून पाहिले तर घाण वास आला आणि पाणी हिरवट झाले. – विद्यार्थिनी, प्रतापनगर

तो वास क्लोरीनचा होता. मिठाच्या पाण्यात धन टोकाला ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन निघतो आणि तुझी स्टीलची पट्टीही विरघळते. स्टीलमधल्या लोखंडाने, निकेलने आणि क्रोमियमने पाणी रंगते. क्रोमियमचा एक प्रकार विषारी असतो, तेव्हा त्या पाण्यात हात घालू नकोस. बाटलीत बंद करून शिक्षकांकडे दे.

मिठाऐवजी धुण्याचा सोडा घे. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 25 ग्रॅम पुरे. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते. नळाचे पाणी नको, त्यातल्या क्षारांचा पांढरा थर ऋण पट्टीवर बसतो. पट्ट्या शुद्ध निकेलच्या वापर. पेन्सिलचे शिसे किंवा जुन्या सेलमधली कांडी चालते, पण धन बाजूची कांडी झिजते, पाणी काळे होते आणि थोड्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. मग माप चुकते.

10 वॅटचे पॅनल घे आणि तारेत अँपिअर मीटर जोड. दोन परीक्षानळ्या काठोकाठ द्रावणाने भरून, उलट्या करून एकेका पट्टीवर धर. मीटर 0.3 अँपिअर दाखवत असेल तर 10 मिनिटांत 23 मिली हायड्रोजन जमायला हवा. करंट गुणिले सेकंद म्हणजे 180 कूलोम, त्याला 193,000 ने (एक मोल हायड्रोजनला लागणाऱ्या कूलोमने) भागले की मोल मिळतात आणि 30 अंशांना एक मोल वायू जवळपास 25 लिटर भरतो. ऑक्सिजन याच्या निम्मा यायला हवा, पण सुरुवातीला कमी भरतो, कारण तो पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो. म्हणून आधी 15 मिनिटे वायू तसाच सोडून दे आणि मग नळ्या लाव. सकाळी 9 ला आणि दुपारी 12 ला माप घेऊन तक्ता केलास तर परीक्षकांना ऊन, करंट आणि वायू यांचे नाते एका नजरेत दिसेल.

पेटवून दाखवायचे तर फक्त हायड्रोजनच्या एका नळीतला वायू, नळीचे तोंड खाली, डोळ्यांवर गॉगल, शिक्षक शेजारी आणि पॅनल सोडवलेले. बाटलीत किंवा फुग्यात वायू जमवायचा नाही. दोन्ही पट्ट्यांचा वायू एका भांड्यात कधीच घ्यायचा नाही.

प्रश्न : आमच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत 100 वॅटचे पॅनल थेट 9 सेलच्या अल्कलाइन (कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणावर चालणाऱ्या) इलेक्ट्रोलायझरला जोडले आहे. हिवाळ्यात छान चालते, पण मे महिन्यात भर उन्हात करंट जवळजवळ बंद पडतो. शिवाय जमलेला गॅस सिलिंडरमध्ये भरता येईल का? – एक अधिव्याख्याते, हिंगणा

दोष पॅनलमध्ये नाही, सेलच्या संख्येत आहे. तुमचे पॅनल 25 अंशांना 18 व्होल्टच्या आसपास सर्वाधिक शक्ती देते. नवतप्यात पॅनलची पाठ 65-70 अंशांवर जाते आणि दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के व्होल्टेज घटते, म्हणजे उरतात 15 व्होल्ट. 9 सेलमध्ये वाटले की प्रत्येकाला 1.67 व्होल्ट. विघटनाची किमान पातळी 1.23 व्होल्ट असली, तरी भरघोस करंटसाठी प्रत्यक्षात सेलला 1.9 ते 2 व्होल्ट द्यावे लागतात. दोन सेल काढून 7 ठेवा. हिवाळ्यात थोडी शक्ती वाया जाईल, पण वर्षभर चालेल. 5.5 अँपिअरला तासाला 1.45 ग्रॅम, म्हणजे 18 लिटरच्या आसपास हायड्रोजन मिळायला हवा. याहून फार कमी असेल तर गळती शोधा.

द्रावणाचेही तपासा. बाजारातल्या कॉस्टिक पोटॅशच्या गोळ्यांत 15 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे 25 टक्के द्रावणासाठी 700 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 300 ग्रॅम गोळ्या थोड्या-थोड्या टाका. उलटे, म्हणजे गोळ्यांवर पाणी, नको, कारण द्रावण उकळून उडते. भांडे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. ॲल्युमिनियमचे मुळीच नको, ते विरघळून स्वतःच हायड्रोजन सोडते. हातमोजे आणि पूर्ण गॉगल लागतातच. एक ग्रॅम हायड्रोजनमागे 9 मिली पाणी कमी होते, म्हणून तासाला साधारण 13 मिली भर घाला, पण फक्त पाण्याची. पोटॅश संपत नाही. झाकण मात्र बंद ठेवा, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे कार्बोनेट होते आणि द्रावणाची वाहकता घटते.

तुम्ही विचारले नाही, पण सर्वांत महत्त्वाचा धोका सकाळ-संध्याकाळचा आणि ढगाळ दिवसांचा. दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या सेलमधल्या पडद्यातून थोडा हायड्रोजन सतत ऑक्सिजनच्या बाजूला झिरपत असतो. भर उन्हात भरपूर ऑक्सिजन निघत असल्याने तो नगण्य ठरतो. करंट घटला की ऑक्सिजन कमी होतो, झिरपणे मात्र जवळपास तेवढेच राहते, आणि मिश्रण 4 टक्क्यांच्या स्फोटक मर्यादेकडे सरकते. कारखान्यांत 2 टक्क्यांना यंत्र आपोआप बंद होते. तुमच्याकडे गॅस मोजणारा सेन्सर नसेल, तर करंट 1.1 अँपिअरच्या, म्हणजे 20 टक्क्यांच्या खाली गेला की सेलची जोडणी आपोआप तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवा. पॅनलच्या तारेत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा ब्लॉकिंग डायोडही हवा. तो नसेल तर रात्री सेल बॅटरीसारखा उलटा वाहतो आणि पट्ट्या लवकर खराब होतात.

सिलिंडरचा विचार सोडा. दाबाखालचा वायू भरायला आणि बाळगायला गॅस सिलिंडर नियम 2016 लागू आहेत. परवाने देणाऱ्या पेसोचे (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे) मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा भविष्यात मोठा प्रकल्प करायचा झाल्यास आधी तिथे जा. एलपीजीच्या जुन्या टाकीत तर चुकूनही भरू नका. दाबाखालचा हायड्रोजन काही प्रकारच्या पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. सध्या दोन्ही वायूंना पाण्याचा वेगवेगळा बबलर (वायू पाण्यातून जाऊ देणारी, ज्योत मागे येऊ न देणारी बाटली) लावा आणि हायड्रोजनची नळी छताच्या वर, खिडक्या आणि एसीपासून दूर, उघड्या हवेत काढा. हायड्रोजन वर चढून छताच्या कोपऱ्यात साठतो, म्हणून प्रयोगशाळेतली झडप किंवा खिडकी भिंतीच्या अगदी वरच्या बाजूला हवी. पंखा लावायचा तर ठिणगी न उडणारा घ्या.