घरकर्जाची नोटीस आली, आणि दीर म्हणतात घाबरू नका

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा. पतीचं गॅरेज, महिन्याची मिळकत 18-20 हजार. एजंटाने कर्जाच्या अर्जात 45 हजार लिहिले. पुढे व्याजदर वाढला, हप्ते थकले. आता गृहवित्त कंपनीची सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम 13(2) ची नोटीस आली आहे. दीर म्हणतात, प्लॉट सातबाऱ्यावर शेतीचाच आहे, कंपनी हात लावू शकत नाही.

ताई, या भरवशावर एक दिवसही घालवू नका. याच कायद्याचं कलम 31 शेतजमिनीला वगळतं, हे खरं. पण नुसता सातबारा पुरत नाही. जमीन प्रत्यक्ष शेतीखाली आहे हे कर्जदाराने दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. तुमच्या प्लॉटवर स्लॅबचं घर उभं आहे.

तुमच्या हातात नोटिशीचे 60 दिवस आहेत. त्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. कंपनीला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हरकतीत खातेउतारा आणि अर्जाची प्रत मागा. व्याजदर वाढताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे तुम्हाला विचारलं होतं का, तेही विचारा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये तशी सक्ती केली आहे.

उत्पन्नाच्या आकड्याबद्दल जपून. कोऱ्या अर्जावर सही घेतली असेल तर तसं लिहा; आकडा पाहून सही केली असेल तर खोटं लिहू नका, ते तुमच्यावरच उलटेल. एजंटाला कमिशन मिळतं ते कर्ज मंजूर झाल्यावर, आणि घर तारण आहे म्हटल्यावर कंपनीनेही फेडायची ऐपत नीट पाहिली नाही. मला याची चीड येते. तरी एवढ्याने कर्ज माफ होत नाही; हप्ते नव्याने बांधून मागताना मात्र हा मुद्दा जोरात मांडा. कंपनी दाद देत नसेल तर गृहवित्त कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय आवास बँकेकडे तक्रार करा.

ताब्याची कारवाई झालीच, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा. यासाठी दिवाणी कोर्टात जाऊ नका, कलम 34 ने ती वाट बंद आहे. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत कंपनीचं सगळं येणं (फक्त थकलेले हप्ते नव्हे) आणि खर्च भरून घर सोडवता येतं.

हप्ता कसाही झेपणार नसेल तर घर स्वतःच विका. लिलावात भाव पडतो. फक्त नोटिशीनंतर कंपनीची लेखी संमती लागते, तेव्हा ती आधी घ्या आणि मगच गिऱ्हाइकाकडून बयाणा स्वीकारा.