वाचकांचे प्रश्न : जुनी कॅम्पर व्हॅन आणि दोन वर्षांची ‘वाढीव हमी’

प्रश्न : मी बीडचा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. पत्नीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला प्रवासात वारंवार थांबावे लागते आणि रस्त्यावर स्वच्छतागृहाची धड सोय नसते. औंढा, परळी, वेरूळ ही आपल्या भागातली तिन्ही ज्योतिर्लिंगे आणि पुढे जमेल तशी बाहेरची तीर्थक्षेत्रे तिला दाखवावीत, या इच्छेने ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर (मूळ सांगाड्यावर) बांधलेली, आत झोपण्याची व शौचालयाची सोय असलेली 2018 सालची एक कॅम्पर व्हॅन आम्ही छत्रपती संभाजीनगरला पाहिली. व्यापारी साडेसोळा लाख सांगतो आणि शिवाय 85,000 रुपयांत दोन वर्षांची ‘वाढीव हमी’ देतो. अमेरिकेत असलेला माझा भाचा म्हणतो की तिकडे जुन्या मोटरहोमसोबत, म्हणजे अशाच गाडीसोबत, असा करार लोक घेतातच. कराराची झेरॉक्स सोबत जोडली आहे. हमी घ्यावी का?

उत्तर : आपण पाठविलेला करार मी शब्दन् शब्द वाचला. ही हमी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी घेऊ नये, असे मात्र मी म्हणत नाही. आपले कारण इतके रास्त आहे की ती नीट पारखून घ्यावी, असेच मला मनापासून वाटते.

आधी नावाविषयी. हमी गाडी बनविणारा देतो आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते. कंपनीची वाढीव हमीसुद्धा साधारणपणे मूळ हमीची मुदत चालू असतानाच विकत घ्यावी लागते, आणि 2018 च्या गाडीची ती मुदत केव्हाच उलटली आहे. आपल्याला जे देऊ केले आहे, तो व्यापाऱ्यामार्फत विकला जाणारा दुरुस्ती-सेवेचा करार आहे. त्यावर कोणत्याही विमा कंपनीचे नाव नाही, म्हणजे तो विमाही नव्हे, आणि उद्या दावा नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे जाता येणार नाही. आपल्या भाच्याचे म्हणणे तिकडच्या परिस्थितीत खोटे नाही. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हमी आणि सेवा-करार यांत भेद केला आहे आणि कराराच्या अटी साध्या भाषेत, ठळकपणे सांगण्याचे बंधन घातले आहे. तिथे दोन तऱ्हेचे करार मिळतात : एकात जेवढे भाग लिहिले आहेत तेवढ्यांचीच जबाबदारी असते, तर दुसऱ्यात जे वगळले आहे ते सोडून बाकी सगळ्याची. दुसरा प्रकार महाग असतो, पण मोटरहोमसाठी कामाचा तोच. आपल्या हातातला करार पहिल्या प्रकारचा आहे, आणि त्यात चारच गोष्टी लिहिल्या आहेत : इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल व स्टिअरिंग.

खरी मेख इथे आहे. कॅम्पर व्हॅनला दोन जन्मदाते असतात. चासी आणि इंजिन एका कारखान्यातून येते, तर आतले घर, म्हणजे पलंग, ओटा, पाण्याची टाकी, पंप, शौचालय, छतावरचा एसी, इन्व्हर्टर आणि सगळे वायरिंग, दुसऱ्याच कारागिराने बसविलेले असते. आपल्याकडे ट्रॅव्हलरचे इंजिन-काम जाणणारा मेकॅनिक बीडमध्येही सापडतो आणि सुटे भागही मिळतात. त्रास देतो तो मागचा भाग, आणि आपल्या कराराच्या सातव्या कलमात ‘बॉडी, अंतर्गत सजावट व बसविलेली उपकरणे’ सरसकट वगळली आहेत. त्याच कलमात झीज, पाणी शिरून झालेले नुकसान, क्षार साचून झालेला बिघाड आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही वगळल्या आहेत. शेतात किंवा वाड्याच्या अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीला मराठवाड्यात जे होऊ शकते, ते जवळजवळ सगळेच त्यात आले. उरलेल्या चार भागांसाठीही दोन वर्षांत मिळून दोन लाखांची कमाल मर्यादा आहे आणि प्रत्येक दाव्यातले पहिले 5,000 रुपये आपल्याच खिशातून जाणार.

पाणी शिरण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या कॅम्परचा घात बहुतेक वेळा त्यानेच होतो. जालन्याजवळ एका शेतात उभी असलेली अशीच एक गाडी मी पाहायला गेलो होतो. बाहेरून रंग चकचकीत होता, आत नवीन गाद्या होत्या. गादी उचलून खालच्या कोपऱ्यातल्या प्लायवूडवर अंगठा दाबला, तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. छतावर चढून पाहिले, तेव्हा हवेच्या झडपेभोवतीच्या सीलंटला (फटी बुजविणाऱ्या लेपाला) केसाएवढ्या बारीक भेगा गेलेल्या दिसल्या. आपल्याकडचे ऊन चाळिशीच्या पुढे जाते आणि ते रबर व सीलंट वाळवून टाकते. पाऊस मात्र थोडा आणि मोजक्या महिन्यांचा, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत गाडी पाहणाऱ्याला काहीच कळत नाही आणि पहिल्या मृगाच्या सरीत छत ठिबकू लागते. म्हणून गाडी कोणत्याही वॉशिंग सेंटरवर न्यावी आणि साध्या नळीने, प्रेशरने नव्हे, अर्धा तास छतावर आणि खिडक्यांच्या कडांवर पाणी सोडावे. मग आत बसून कपाटे उघडावीत, कोपऱ्यांत हात फिरवावा, कुबट वास येतो का पाहावे. व्यापारी याला नकार देत असेल, तर इसार देऊ नये.

बाकीची पारख आपण स्वतः करू शकाल. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचावेत. 2319 असे असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. फार न चाललेल्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर दिसते आणि तरीही उन्हात उभे राहून त्याच्या कडा तडकलेल्या असतात. पाण्याची टाकी भरून (शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन), एसी चालू ठेवून मांजरसुंब्याचा घाट चढवून पाहावा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. गाडीतल्या घराची बॅटरी चार्जिंगवरून काढून रात्रभर पंखा आणि दिवे चालवावेत. सकाळी पंखा मंदावला असेल तर बॅटरीचा खर्च धरून भाव पाडावा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पंपाचे आणि गीझरचे तोंड क्षारांनी बुजते, म्हणून गीझर चालू करून नळाची धार पाहावी. आत गॅसची शेगडी असेल तर तिच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते आपल्या डोळ्यांनी बघावे. ही गाडी झोपण्यासाठी आहे, हे क्षणभरही विसरू नये.

आता 85,000 रुपयांचे काय करावे? त्यातून एका जाणत्या मेकॅनिकला आणि एका इलेक्ट्रिशियनला दिवसभराची मजुरी देऊन गाडी तपासून घ्यावी, छताचे सीलंट नव्याने करून घ्यावे, आणि उरलेली रक्कम गाडीच्या नावाने वेगळ्या मुदतठेवीत ठेवावी. दोन वर्षे काही मोडले नाही तर पैसे व्याजासह आपलेच राहतात. हमीच्या करारात ते परत येत नाहीत.

पत्नीच्या मनःशांतीसाठी करार हवाच असेल, तर व्यापाऱ्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : पंप, इन्व्हर्टर, एसी आणि शौचालय यांची नावे करारात घालावीत; बीडमधल्या गॅरेजात दुरुस्ती चालेल की गाडी टो करून संभाजीनगरला न्यावी लागेल, हे स्पष्ट करावे; दाव्याचे पैसे प्रत्यक्ष कोण देणार आणि व्यापाऱ्याने दुकान बंद केले तर काय, हे सांगावे. करारात ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असे छापले आहे, त्याने घाबरू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला बीडमध्येच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, त्यामुळे प्रत्येक पावती आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद जपून ठेवावी.

प्रश्न : नांदेडमध्ये मला एक स्वस्त कॅम्पर मिळते आहे, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ती अजून आसनी प्रवासी वाहन म्हणूनच आहे. पलंग आधीच्या मालकाने बसविले. विमा तर चालू आहे, मग अडचण काय?

उत्तर : अडचण मोठी आहे, आणि ती कोणत्याही वाढीव हमीने सुटणार नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच बाब कडकपणे मांडली आहे. आरसीवर ‘मोटर कॅरॅव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ अशी नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते. आधीच्या मालकानेच आरटीओकडून नोंद दुरुस्त करून द्यावी आणि तोपर्यंत आपण व्यवहार थांबवावा. नोंद झाल्यावर नमुना 29 व 30 वर (मालकी बदलाच्या अर्जांवर) सह्या घ्याव्यात, बँकेचा बोजा उतरला आहे का ते तपासावे, आणि गाडी नावावर होताच 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळणार नाही, तेव्हा हप्त्याचा हिशेब तो वगळूनच करावा.