पाच दिवसांत स्कॉटलंड? मग बेट एकच धरा

प्रश्न: मुलगी ग्लासगोला शिकतेय. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी, बायको आणि सासूबाई (वय ७०) तिच्याकडे चाललोय. त्यातले ५ दिवस गाडी भाड्याने घेऊन फिरायचंय. एडिनबरा, लॉख नेस, स्काय बेट, नॉर्थ कोस्ट ५०० या उत्तर किनाऱ्याच्या रस्त्याचा थोडा भाग, जमलं तर ऑर्कनी आणि येताना मल बेट, असं मॅपवर काढलंय. एका दिवसात मुंबई-गोवा मारणाऱ्या माणसाला हे जड नाही असं माझं मत, मुलीचं मत वेगळं आहे. आपलं लायसन्स तिथे चालतं का? आणि आम्ही शाकाहारी आहोत. – एक वाचक, ठाणे

उत्तर: मुलीचं ऐका. तिथे किलोमीटर नाही, तास मोजायचे. ग्लासगोहून स्कायचं मुख्य गाव पोर्ट्री जवळपास २१५ मैल, मॅप पाच-साडेपाच तास दाखवतो, पण वाटेत लॉख लोमंडचं तळं आहे, ग्लेनकोची दरी आहे, तुम्ही दर वीस मिनिटांनी गाडी थांबवणार, सासूबाईंना चहा लागणार, म्हणजे अख्खा दिवस गेला की! नॉर्थ कोस्ट ५०० नुसता ५१६ मैलांचा आहे, त्याचा ‘थोडा भाग’ करायला आधी इन्व्हरनेसपर्यंत जावं लागतं. ऑर्कनी त्याच्याही वर, समुद्रापलीकडे. हे दोन्ही खोडून टाका. एडिनबऱ्याला गाडी नेऊच नका, पार्किंगचा ताप आहे, ग्लासगोहून ट्रेनने तासाभरात पोचता, तो दिवस वेगळा ठेवा.

आता उरतं स्काय की मल. सगळे स्काय सांगतील. स्काय सुंदर आहे यात वादच नाही, पण १९९५ मध्ये पूल झाल्यापासून गाड्या थेट आत जातात आणि जूनमध्ये ओल्ड मॅन ऑफ स्टॉरच्या सुळक्याला किंवा फेअरी पूल्सच्या डोहांना दुपारी पोचलात तर पार्किंग शोधण्यातच जीव जातो, शिवाय जाण्यायेण्यात तुमच्या ५ पैकी २ दिवस गेले. मी तुमच्या जागी असतो तर मल केलं असतं.

पहिल्या दिवशी ग्लासगोहून लॉख लोमंडच्या काठाने ए८२ धरून टिंड्रम, तिथून ए८५ ने ओबान. साधारण १०० मैल. मुक्काम ओबानला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलमॅक या बोट कंपनीच्या फेरीत गाडी चढवा, पाऊण-एक तासात मलवर क्रेगन्युअरला उतरता, पुढे टोबरमोरी, बंदराच्या कडेने रंगीत घरं असलेलं छोटंसं गाव, दोन रात्री तिथेच टाका. एक सांगतो, हॉटेल बुक करायच्या आधी फेरी बुक करा. माणसांना सहसा जागा मिळते, गाडीला मिळत नाही, उन्हाळ्यात तर फार आधी भरतं. अगदीच नाही मिळाली तर लॉखअलाइन ते फिशनिश अशी एक छोटी फेरी आहे, तिला बुकिंग नसतं, रांगेत उभं राहायचं, पण तिथवर वळसा मोठा पडतो.

तिसरा दिवस मलशेजारच्या आयोना या छोट्या बेटाचा. टोबरमोरीहून फिओनफोर्टला जायला दोन तास धरा, कारण बराचसा रस्ता एकपदरी. बाहेरच्यांच्या गाड्यांना आयोनावर बंदी आहे, गाडी अलीकडे लावायची आणि १० मिनिटांच्या बोटीने पलीकडे. इ.स. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून इथे आला आणि मठ स्थापला. मठ धक्क्यापासून जवळ आहे, सासूबाई आरामात चालतील. तिथूनच स्टाफा नावाच्या बेटाला बोटी जातात. तिथल्या फिंगल्स केव्ह या गुहेचे षटकोनी दगडी खांब आणि मे ते जुलै पफिन पक्षी, हे चुकवू नका, मात्र धक्क्यावरचा जिना चढा आहे आणि समुद्र खवळला तर उतरवतच नाहीत. सासूबाईंना आयोनावरच बसू दे, मुलगी सोबत थांबेल.

आणि हे खांब बघताना अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवली तर चूक नाही, दोन्ही बसाल्टचेच, लाव्हा थंड होताना तडकून झालेले. मलचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगरही तसेच, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे. आपला सह्याद्री थोडा आधीचा. ठाणेकराला ते डोंगर अनोळखी वाटणार नाहीत, फक्त झाडं कमी आणि मेंढ्या जास्त.

चौथ्या दिवशी परत ओबान, मग समुद्राकाठच्या ए८२८ ने वर ग्लेनको. पाचव्या दिवशी रॅनॉक मूरच्या माळावरून ग्लासगो. वेळ उरला तर चौथ्याच दिवशी ग्लेनफिननचा २१ कमानींचा रेल्वे पूल. नाही उरला तर सोडा. लॉख नेसही सोडा, माझ्या मते ते या सगळ्यातलं सर्वात साधं तळं आहे.

आपलं लायसन्स तिथे १२ महिने चालतं, गाडीही डाव्याच बाजूने. भाड्याच्या कंपनीची अट मात्र आधी विचारून घ्या आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं सांगा, नाहीतर गियरची मिळते. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी हॅगिस (मूळ पदार्थ मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाचा) बऱ्याच ठिकाणी असतं आणि चवीला चांगलं लागतं, सूप मात्र विचारून घ्या, कलन स्किंक दिसायला बटाट्याचं, पण आत मासा. बेटावर किचन लवकर बंद होतं म्हणून थेपले-मेतकूट सोबत असू दे.

प्रश्न: आम्ही लीड्सला राहतो, मोटरवेची सवय आहे, पण तिकडच्या एकपदरी रस्त्यांची धास्ती वाटते. समोरून गाडी आली तर काय? – एक वाचक

उत्तर: ठरावीक अंतरावर ‘पासिंग प्लेस’ असतात. तुमच्या डाव्या हाताला असेल तर तुम्ही आत शिरा, उजव्या हाताला असेल तर रस्त्यावरच थांबा, समोरचा शिरतो. उजवीकडच्या जागेत घुसायचं नाही. जो जवळ तो थांबतो, मग हात वर करून थँक्यू. मागे गाडी लागली असेल तर तिलाही पुढे जाऊ द्या, ती बिचारी लोकल असते, फेरी पकडायची असते. आणि फोटो काढायला तिथे गाडी लावून जाऊ नका, लोक जाम चिडतात, बरोबरच चिडतात. वेगमर्यादा ६० मैल असली तरी ३० सुद्धा पुष्कळ आहे, मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात.

व्हिस्कीच्या डिस्टिलरीत गेलात तर गाडी चालवणाऱ्याने घोट घेऊ नये. २०१४ पासून स्कॉटलंडची दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तुमच्याकडे ८०. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटलीत बांधून देतात, मागा.

प्रश्न: जूनमध्ये डास असतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: त्याहून वाईट, मिज. चिलटाएवढे, झुंडीने येतात. वारा असला की गायब, वारा पडला आणि संध्याकाळ झाली की हल्ला. तोंडावरची जाळी तिथल्या दुकानात मिळते, दिसतं विनोदी पण घ्या. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे ‘संध्याकाळ’ फार लांब चालते.